दिव्याला दिसत नाही ती हवा

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा मी फोन मध्येच ठेवला. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. तू दोनदा खोकलीस, त्यापुढचं तुझं काही मला ऐकूच आलं नाही. या पत्रात खोकल्याचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलो आहे.

बंटीला घेऊन चेक देशातलं तुझं याखिमोव नकाशावर शोधलं. क्रुश्ने होरीचे डोंगर, पलीकडे लगेच जर्मनी, आणि अरुंद दरीत चढत जाणारं लांबट गाव. आज वस्ती दोन-अडीच हजार. पण चांदीपायी १५१६ साली वसलेलं हे गाव पुढच्या वीसेक वर्षांत प्रागच्या खालोखाल मोठं झालं होतं! तिथल्या चांदीचं नाणं ते थालर, आणि थालरचा पुढे डॉलर झाला. चौकात तिघांना मी हे सांगितलं. त्याआधी 'आमची सोनू तिथंच असते' हे सांगितलं.

पण बेटा, ती चांदी काढणारे छातीच्या दुखण्यानं मरत, आणि ते कशामुळे, हे शेकडो वर्षं कुणाला कळलं नाही. चांदीबरोबर एक काळा, जड दगड लागायचा. तो बिनकामाचा म्हणून टाकून देत. १८९८ साली मादाम क्युरींना रेडियम सापडलं ते त्याच दगडात. काचेच्या रंगासाठी युरेनियम काढून उरलेला चोथा त्यांनी पुढे टनांनी मागवला. आणि १९४९ नंतर तर राजकीय कैद्यांना खाली उतरवलं, रशियाला युरेनियम हवं होतं म्हणून. जवळच्या विकमानोवच्या लाल मनोऱ्यात कैदीच ते खनिज फोडून पिंपांत भरत. ती धूळ कुठे जात असेल, हे मला कुणी सांगायला नको. तेवढं वाचून मी अंगणात जाऊन बसलो.

मी ३१ वर्षं खाणीत सरदारकी केली, म्हणजे खालच्या माणसांची सुरक्षितता बघितली. मिथेन असला की दिव्याच्या ज्योतीवर निळी टोपी चढते. ती बघून मी कितीदा माणसं मागे घेतली. पण युरेनियमच्या दगडातून सुटणारा, छाती पोखरणारा वायू म्हणजे रेडॉन, त्याला वास नाही, रंग नाही. माझ्या दिव्याला तो दिसत नाही, सोनू. आबांचा खोकलासुद्धा आधी थंडीचाच होता.

तेव्हा किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला रोज लावायचा. त्यातले आकडे स्वतः बघायचे, दुसऱ्यावर सोडायचं नाही. हवा खेळती नसेल तिथं एक मिनिट थांबायचं नाही, साहेब काहीही म्हणो. पाण्यातून सुटणारा रेडॉन पंखाच बाहेर काढतो, म्हणून पंखा बंद दिसला की वर यायचं.

हे सगळं तू शिकूनच गेली आहेस. तुला शिकवायला बसलो, माफ कर.

सात वर्षांची असताना तू डबा घेऊन खाणीच्या गेटवर यायचीस आणि 'मलापण खाली ने' म्हणून रडायचीस. बायांना खाली उतरायला बंदी आहे म्हटलं की म्हणायचीस, 'कुणी केली?' ती बंदी आपल्याकडे २०१९ मध्ये उठली. आणि आता तू स्वोर्नोस्टमध्ये ५०० मीटर खाली पाणी मोजायला जातेस. १५१८ पासूनची खाण, अजून चालू! एवढ्या खोल मी कधी उतरलो नाही. तुझा हेल्मेटमधला फोटो मी आबांच्या फोटोशेजारी लावला होता. काल तिथून काढून टीव्हीजवळ ठेवला.

त्याच पाण्यात लोक सांधेदुखीसाठी बसतात, हे तू सांगितल्यापासून आईला तिकडे यायचं आहे. गुडघे तिला रात्री झोपू देत नाहीत. १९०६ पासून लोक तिथं उपचाराला येतात, हे मीच तिला वाचून दाखवलं. मोजून, डॉक्टरच्या देखरेखीत थोडा वेळ बसणं आणि रोज खाली काम करणं यात फरक आहे, एवढं मला समजतं. तुझंही मोजूनच असेल.

छातीचा एक्स-रे काढ. काढलास की फोन कर. या वेळी मी पूर्ण ऐकून घेईन.

तुझा,
बाबा