एका प्रतिपिंडाने अख्खी गाठ सापडत नाही

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

‘फक्त गाठीलाच लागणारा किरणोपचार’ अशी कर्करोगावरच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक खूण ओळखून चिकटणारी प्रथिने) भलामण मोबाइलवर वाचून निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे रुग्ण मुंबईची वाट धरतात. उपचार खोटा नाही, त्यातला ‘फक्त’ हा शब्द तेवढा खोटा आहे.

प्रतिपिंडाला किरणोत्सारी अणू बांधून ते शिरेतून देतात. पेशीवरची ठरावीक खूण ओळखून ते चिकटते आणि मारा तिथून सुरू होतो. पण एकाच गाठीतल्या सगळ्या पेशींवर ती खूण सारखी नसते. काहींवर खच्चून, काहींवर जवळपास नाहीच. ॲक्टिनियम-२२५ चे अल्फा कण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे काही मोजक्या पेशींइतकेच अंतर जातात. त्या टप्प्याबाहेर बिनखुणेची पेशी राहिली की पुढे तीच वाढते. यिट्रियम-९० चे बीटा कण कमाल ११ मिलिमीटरपर्यंत पोचतात; शेजारच्या पेशी सापडतात, पण रक्तातून फिरणाऱ्या प्रतिपिंडामुळे रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाही भाजते.

म्हणून वेगवेगळ्या खुणा ओळखणारी दोन-तीन प्रतिपिंडे एकत्र द्यायची, असे प्रयोग सुरू आहेत. बहुतेक अजून प्रयोगशाळेतच. इथे ‘जितकी जास्त तितकी बरी’ हा हिशेब चालत नाही. मज्जेला सोसेल तेवढाच एकूण डोस देता येतो. तो दोघांत वाटला की प्रत्येकाकडे निम्माच उरतो. दुसरी खूणही त्याच पेशींवर असेल, तर सुटणाऱ्या पेशी सुटतातच. निरोगी अवयवावरही ती असेल, तर दुष्परिणाम नव्या जागी. त्यामुळे दोन्ही खुणा एकेका पेशीवर मोजल्याशिवाय मिश्रणाचे प्रमाण ठरवणे म्हणजे डोळे झाकून फोडणी देणे.

एक गैरसमज आमच्याच क्षेत्रातले लोकही करतात: इब्रिट्युमोमॅब हा लिम्फोमावरचा (लसिका ग्रंथींच्या कर्करोगावरचा) उपचार म्हणजे असेच दोन प्रतिपिंडांचे मिश्रण. २००२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या उपचारात आधी रिटुक्सिमॅब हे किरणोत्सारी नसलेले प्रतिपिंड देतात, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम. सात ते नऊ दिवसांनी तेवढेच पुन्हा, आणि त्यानंतर ४ तासांच्या आत यिट्रियम बांधलेले दुसरे प्रतिपिंड. नावे दोन, पण दोघांची खूण एकच, बी-पेशींवरची (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरची) सीडी-२०. साधे रिटुक्सिमॅब रक्तातल्या व प्लीहेतल्या बी-पेशी आधीच व्यापते, म्हणून किरणोत्सारी भाग गाठीपर्यंत उरतो. बिनखुणेच्या पेशींना मात्र यातले एकही चिकटत नाही.

तयार करतानाही चुका होतात. किरणोत्सारी धातूचा अणू पकडून ठेवणारा रेणू प्रतिपिंडावर प्रमाणाबाहेर चढवला तर ते खूण ओळखेनासे होते. भांड्यात लोह वा जस्ताचा अंश राहिला तर तोच जागा अडवतो. सुटे उरलेले यिट्रियम थेट हाडात जाते. म्हणून देण्याआधी क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) शुद्धता तपासावीच लागते.

आपल्या भागाला सर्वांत जड जातो तो वेळ. यिट्रियम-९० चे अर्धायुष्य (निम्मी मात्रा संपायला लागणारा वेळ) ६४ तास. मुंबईहून बेळगावपर्यंत माल पोचायला हाताळणीसकट १२ तास गेले, तर सुमारे १२ टक्के मात्रा वाटेतच संपते. ल्युटेशियम-१७७ ची सुमारे ५ टक्के. उलट, बिस्मथ-२१३ चे अर्धायुष्य ४६ मिनिटे, आणि अख्ख्या प्रतिपिंडाला गाठीत साठायला दोन-तीन दिवस लागतात. गणित जुळतच नाही.

मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांनी नुसता बायोप्सी रिपोर्ट नेऊ नये. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड न्याव्यात. खुणांची तपासणी त्यावरच पुन्हा होते, नाहीतर सुई पुन्हा टोचावी लागते. गाठ परतली असेल तर जुना ब्लॉक पुरत नाही, कारण खुणा बदललेल्या असू शकतात. प्लेटलेट लाखाखाली असतील किंवा मज्जेचा चौथाई वा अधिक भाग लिम्फोमाने व्यापला असेल, तर इब्रिट्युमोमॅब देत नाहीत. रक्तपेशी सर्वांत खाली जातात त्या उपचारानंतरच्या सातव्या ते नवव्या आठवड्यात, म्हणजे रुग्ण घरी येऊन हिंडू-फिरू लागल्यावर. त्या काळात दर आठवड्याला रक्ततपासणी गावाजवळच्या प्रयोगशाळेत करून त्याचा कागद उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पाठवत राहावा, आणि तो कोणाकडे पाठवायचा हे मुंबई सोडण्याआधीच विचारून घ्यावे.

आपले,
अणुवैद्यक व किरणोपचार विभागांत काम करणारे काही जण,
बेळगाव