कच्छला गेलेल्या लेकीस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

भुजला पोचल्याचं कळलं, आणि कीरा डोंगरावरच्या सोनेरी ऊलाइटचा, म्हणजे गोल दाण्यांच्या दगडाचा, फोटोही मिळाला. खाली लिहिलंयस, ‘जैसलमेरजवळ कुलधरला पाहिला तसलाच दगड, म्हणजे काळही तोच.’ उत्तर बरोबर आहे, पण तू दिलेल्या कारणाला मी मार्क देणार नाही.

खसखशीएवढे ते गोल, लोहाचा मुलामा चढलेले दाणे उथळ, ढवळत्या समुद्रात कुठल्याही काळात तयार होतात. कच्छमध्येच बघ ना. सोनेरी ऊलाइटच्या बराच वर धोसा ऊलाइट लागेल. दाणे तसलेच, पण वरचा भाग ऑक्सफर्डियन, म्हणजे सोनेरी ऊलाइटच्या नंतरच्या काळातला. नुसत्या रूपावरून कुलधरची सांगड धोशाशी घालशील तर लाखो वर्षांनी चुकशील. समुद्र कसा होता ते दगड सांगतो; केव्हा होता, ते अमोनाइटला, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या त्या नामशेष समुद्री प्राण्याला विचारायचं.

कीऱ्याला आणि कुलधरला, दोन्हीकडे फुगीर, शंखावर फासळ्या असलेला मॅक्रोसेफॅलायटिस हा अमोनाइट मिळतो. जुरासिकमधल्या कॅलोव्हियन काळाच्या (ऑक्सफर्डियनच्या आधीच्या) सुरुवातीला, सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वी, तो युरोपातही होता. अमोनाइटांच्या जाती लवकर बदलत आणि दूरवर पसरत, म्हणून त्या घड्याळासारख्या वापरता येतात. अल्बर्ट ओपेलने १८५६–५८ मध्ये युरोपातल्या जुरासिकचे असे जीवाश्मांवरून काळाचे पट्टे पाडले. पुढे विल्हेल्म वागेनने १८७३–७५ मध्ये तीच पद्धत कच्छच्या अमोनाइटांना लावली. भुजच्या डोंगरातला थर जर्मनीतल्या थराशी कागदावर जुळवायचा, तेही त्या काळात! मला अजून नवल वाटतं. (आजीच्या देवघरातला गंडकीचा शाळिग्रामही जुरासिक अमोनाइटच. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘असू दे, तुळस वाहा.’)

पण सगळं इतकं सरळ नाही. धोशात मायाइटिस हा अमोनाइट मिळेल. तो कच्छ, मादागास्कर, पूर्व आफ्रिका या बाजूचा, युरोपात नाही. तिथल्या पट्ट्यांशी जुळवायला त्याच थरातले, युरोपातही मिळणारे पेरिस्फिंक्टिस अमोनाइट शोधावे लागतात. शिवाय धोशाच्या अगदी माथ्याचा थर फसवा आहे. तिथे गाळ फार सावकाश साचला, जुना गाळ उकरला गेला, आणि वेगवेगळ्या काळांतले शंख वीतभर जाडीत एकत्र आले. तिथे एका शंखावरून वय ठरवू नकोस.

उतारावर घरंगळलेले सुंदर शंख उचलायचा मोह होईल. बघ, पण नोंदवहीत घेऊ नकोस. थरात घट्ट रुतलेला, अर्धा तुटका का असेना, तोच घे. आणि हातोडा मारायच्या आधी त्याची धोशाच्या तळापासूनची उंची टेपने मोजून लिही. पेरिस्फिंक्टिस मिळाला तर फासळ्या कुठे फुटतात ते दिसेल असा फोटो पाठव. आई टोपीचं विचारतेय.

तुझा,
बाबा