नाव पडायच्या आधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, हे तू बातम्यांत पाहिलं असशीलच. त्याचं वादळ होईलच असं नाही. वारे ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेले की मगच त्याला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव देतात. पण नाव पडायची वाट बघत बसू नकोस. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही, आणि यंदा तू सोसायटीच्या कमिटीत आहेस. कागदावर असलं तर चार जणांना दाखवता येईल, म्हणून लिहायला बसले.

पहिली गोष्ट म्हणजे, 'मुंबईला धडकणार नाही' असं कुणी म्हणालं की निवांत होऊ नकोस. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईला धडकलं नव्हतंच. समुद्रातून वर सरकत ते गुजरातला गेलं. तरी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला, विमानतळ काही तास बंद ठेवावा लागला, आणि शहरभर झाडं आडवी झाली. तिकडे समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या बाजूला कामगार राहत होते तो पी-३०५ बार्ज बुडाला, त्यात साठहून जास्त माणसं गेली. नुसतं बाजूने गेलेल्या वादळाने एवढं केलं.

त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळ आपल्याकडेच येणार म्हणून सगळी मुंबई दारं लावून बसली होती. ते थोडं खाली वळलं आणि रायगडात घुसलं. तेव्हा इकडे लोक 'वाचलो' म्हणाले. मला तसं म्हणता आलं नाही, कारण माझं माहेर श्रीवर्धनचं. मामाची सुपारीची वाडी तुला आठवते ना? ती एका दुपारीत झोपली. घरांचे पत्रे, कौलं उडाली, आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. सुपारी उत्पन्नाला यायला वर्षं जातात, त्यामुळे मामाचं ते नुकसान अजून भरून निघालेलं नाही. वाचलेल्या माणसाने पुढच्या वेळची तयारी करावी, एवढं मी तेव्हा मनाशी धरलं.

आता तुमच्या घराचं. वर्सोव्याला तुमच्या बाल्कनीतून समुद्र दिसतो, म्हणजे वाराही थेट तिथेच येणार. ग्रिलवरच्या कुंड्या, वाळत घालायच्या दोऱ्या, स्टँड, पिल्लूची सायकल, सगळं आत घ्या. वाऱ्यात कुंडी खाली पडते ती कुणाच्या तरी डोक्यावर. पिण्याचं पाणी दोन-तीन दिवसांचं भरून ठेवा. विजेरी, पॉवर बँक, थोडी रोख रक्कम (वीज आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत), पिल्लूचं दूध आणि औषधं, आणि घराची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. खिडक्यांपासून लांब, आतल्या खोलीत झोपा. एवढं पुरे.

खरं काम इमारतीत आहे. गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाक्या आदल्या रात्री काठोकाठ भरून घ्या. वीज गेली की पंप बंद, खालचं पाणी वर चढत नाही, हे एक कारण. दुसरं असं की रिकामी टाकी वारा उचलून नेतो, भरलेली टाकी हलत नाही. गच्चीवर पडलेले जुने पत्रे, ताडपत्र्या, मोडके डिश अँटेने आत्ताच खाली उतरवा, ते फार मोठ्या वेगाने उडतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, ते तर चक्रीवादळही नव्हतं, नुसतं धुळीचं वादळ होतं.

मीटर रूम तळमजल्यावर आहे ना? मेन स्विच कुठे आहे आणि तो कोण बंद करणार, हे वॉचमनसकट निदान तिघांना माहीत असू दे. पाणी आत शिरल्यावर तिथे कुणी जायचं नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, म्हणजे खड्ड्यात पाणी साचलं तरी ती वाचेल. भरतीच्या वेळा नोटीस बोर्डावर लावा. मोठ्या भरतीत मुंबईचे नाले समुद्रात रिकामे होत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी भरती होती, म्हणून पाणी कुठे जायलाच तयार नव्हतं. वादळात तर वारा समुद्र आणखी आत ढकलतो.

गेटजवळच्या गुलमोहराच्या बुंध्याभोवती सिमेंट केलंय, ते मला पहिल्यापासून आवडलेलं नाही. मुळांना धरायला मातीच राहिलेली नाही. फांद्या छाटायला महापालिकेची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज उद्याच करा. तोवर त्याखाली गाड्या लावू देऊ नका.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मजल्यामजल्यावर जाऊन दारं वाजव. ग्रुपवर मेसेज टाकून हे होत नाही, कारण ज्यांना गरज आहे ते मेसेज वाचत नाहीत. एकटं कोण राहतं, ऑक्सिजनच्या मशीनवर कोण आहे, डायलिसिसची तारीख कुणाची त्याच दिवसांत येते, कुणाला दिवस गेलेत, कुणाला जिना उतरता येत नाही, हे एका वहीत लिहून घे. डायलिसिसवाल्यांनी डॉक्टरांशी बोलून तारीख आधी घ्यावी. मशीनवाल्यांकडे भरलेलं सिलिंडर आहे का ते बघा. प्रत्येक एकट्या माणसामागे एक शेजारी नेमून द्या, त्या शेजाऱ्याने रात्री आणि सकाळी जाऊन यायचं. मी नर्स म्हणून नोकरी केली, पाऊसपाण्यात वॉर्डात आलेली म्हातारी माणसं पाहिली. त्यांतली बरीचशी वादळाने नाही, उशिराने आजारी पडलेली असत. रात्री औषध संपलं आणि सांगायला कुणी नव्हतं, असं.

वॉचमनची केबिन पत्र्याची आहे. त्या रात्री तो आणि त्याच्या घरची माणसं सोसायटीच्या ऑफिसात झोपतील, हे मीटिंगमध्ये ठरवून टाक. यावर कुणी वाद घातला तर माझं नाव सांग, मी येऊन बोलेन. मागच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांचंही तसंच. जवळची महापालिकेची शाळा निवाऱ्यासाठी उघडणार आहे का, ते वॉर्ड ऑफिसात विचारून ठेव आणि त्यांना आधीच दाखवून ये.

वेसावे कोळीवाड्यातून मासे घेऊन येणाऱ्या मावशींना विचार, त्यांच्या होड्या परतल्या का. मासेमारीची बंदी १ जूनला लागते, म्हणजे मे महिन्यातलं वादळ येतं तेव्हा होड्या बाहेर असतात. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाने अशाच समुद्रात असलेल्या माणसांना गाठलं. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याची खूण, लागला की कोळीवाड्यात काय धावपळ होते ते तुला तिथेच कळेल, टीव्हीपेक्षा लवकर. होड्या वर ओढायला माणसं लागतात. तुमच्या इमारतीतली पोरं संध्याकाळी क्रिकेट खेळतात, त्यांना घेऊन जा. मात्र वारा सुटायच्या आधी. लाटा बघायला कुणी चौपाटीवर जायचं नाही.

मध्येच वारा एकदम पडला, आभाळ उघडलं, तर वादळ गेलं असं समजू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने येतो आणि बाहेर पडलेली माणसं सापडतात. हवामान खात्याने सांगेपर्यंत आतच थांबा. फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर कुणाला हलवू नका. झाड पडलं, पाणी भरलं तर महापालिकेचा १९१६ लावा. तुटलेल्या तारेजवळ कुणालाही फिरकू देऊ नका. साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या प्रत्येकाने तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवून लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराची) गोळी घ्यायची का ते विचारावं, पायाला जखम असेल त्याने तर त्याच दिवशी.

हवामान खातं वादळाच्या साधारण ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा देतं आणि २४ तास आधी पक्का. ४८ तासांत पत्रे उतरतात, टाक्या भरतात, पण दारं वाजवायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून वही आजपासून सुरू कर. मी रविवारी येते, खालचे दोन मजले माझ्याकडे दे, म्हाताऱ्या बायका माझ्याशी जास्त मोकळेपणाने बोलतील. आणि टाक्या धुवायच्या राहिल्या असतील तर त्याच्या आधी धुवून घ्या.

तुझी,
आई