ओमाहाहून बाळ्यास

ओमाहा, नेब्रास्का
मे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज पाहिला. उत्तर मुद्दामच दिलं नाही. हे व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारं नाही आणि व्हॉइस नोट पाठवावी तर पलीकडच्या खोलीत आई जागी असते. तब्येती ठीक आहेत. माझी साखर जिथल्या तिथे, शुभाची मान तशीच.

तर, आईने कुर्ल्या खाल्ल्या.

काल ईशानचा वाढदिवस होता. हे गाव गोमांसाच्या स्टेकसाठी प्रसिद्ध, त्यामुळे आईला घेऊन जायचं कुठे हा प्रश्न कायमचाच. ईशान म्हणाला, सीफूड बॉइलला जाऊ, आजी मका आणि बटाटे खाईल. आता इथून कुठलाही समुद्र हजार किलोमीटरच्या पलीकडे. आजूबाजूला मैलोन्‌मैल मका, तोही गुरांसाठी आणि इथेनॉलसाठी. त्यात लाँड्रीच्या शेजारच्या गाळ्यात हे हॉटेल. भिंतीवर जाळी, प्लास्टिकचा लॉबस्टर, टेबलावर कागद पसरलेला. ताटं नाहीतच. गळ्यात प्लास्टिकचं लाळेरं बांधतात, हातमोजे देतात. कुर्ल्या, सुंगटं, मका, लाल बटाटे, सॉसेज सगळं उकडायचं, पिशवीत भरायचं, वर लसणाचं लोणी आणि मसाला ओतायचा, तोंड पिळून पिशवी घुसळायची आणि तुमच्यापुढे आणून टाकायची. वाटण नाही, खोबरं नाही, तिरफळाचं तर नावच सोड. तुझ्या खानावळीत असं वाढलंस तर मुंबईचे पाहुणे पैसे न देता उठतील, आणि इथे लोक रांग लावतात.

मालक व्हिएतनामी. १९७५ नंतर ती माणसं निर्वासित म्हणून आली, त्यातली बरीच टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या बोटींवर लागली. लुइझियानाचं मसालेदार उकडलेलं क्रॉफिश त्यांनी उचललं आणि त्यावर लसूण-लोणी ओतलं. ह्यूस्टनमध्ये त्याचं मोठं प्रस्थ आहे, तिथून ते असं आतपर्यंत पसरलं. क्रॉफिश म्हणजे बोटाएवढा लॉबस्टर. तो तिकडे भातशेतीतच पाणी कोंडून वाढवतात. तुझ्या वायंगणी शेतात खेकड्यांनी बांध पोखरला की तू त्यांच्या सात पिढ्या उद्धारतोस, ते आठवलं.

आम्ही स्नो क्रॅब मागवला. दराच्या जागी ‘मार्केट प्राइस’ लिहिलेलं, म्हणजे विचारूच नका. हा थंड समुद्रातला, उकडून गोठवून येतो आणि येतात ते फक्त पाय. आईने पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “हेचा पोट खंय गेला? नुसते पायच हाडल्यानी!” मग विचारलं, आज तिथी कोणती. मी फोनवर पाहून सांगितलं, अमावास्या जवळ आली. “मगे भरलेले असतले,” असं म्हणून तिने हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि एक पाय उचलला.

बाळ्या, आप्पा गेल्यापासून तिने मासळीला हात लावलेला नाही, म्हणजे खाण्यासाठी. तुमच्या घरी नाही, आमच्या घरी नाही, कुणी तिला सोड म्हणालं नव्हतं. काकींनी किती समजावलं! तू सुरमई घेऊन आलास तर तुला तळून घातली आणि स्वतः वरणभात जेवली. तेव्हा तू चिडून अर्ध्या पानावरून उठलास आणि मी तुला नाही नाही ते बोललो, ते भांडण आपण नीट मिटवलंच नाही. असो.

तिने दातांनी पाय फोडले. शेजारचं टेबल लाकडी हातोड्या आपटत होतं, ते बघायला लागलं. मालक स्वतः येऊन उभा राहिला, हसला आणि अजून लोणी ठेवून गेला. ईशान व्हिडिओ काढत होता, शुभाने त्याला टेबलाखालून लाथ मारली. खरी गोष्ट पुढेच आहे. ती मांस काढून खात नव्हती, कागदाच्या कोपऱ्यावर जमवत होती. आप्पांसाठी काढायची तसं. तूच ना पंगतीत ओरडायचास, “आप्पांका हात नाय काय?” बराच ढीग झाला. मला वाटलं ईशानला देईल. तिने तो कोणालाच दिला नाही. थोडा वेळ बघत बसली आणि शेवटी सगळा स्वतःच खाल्ला. वर म्हणते, मीठ कमी आहे.

आज सकाळी सहज विचारलं, काल जेवण कसं होतं? म्हणाली, “मको बरो होतो.”

हे काय आहे, तू सांग. मुद्दाम लपवते आहे? की इथे गावातलं कोणी बघायला नाही म्हणून एकदा मन मोकळं केलं? तसं असेल तर मी रोज घेऊन जाईन, मार्केट प्राइस गेली खड्ड्यात. की तिला आठवतच नाही? कारण परवा आमटीत मीठ दोनदा पडलं. ईशानला दोन वेळा नंदू म्हणाली. पण तशी ती मला जन्मभर दादाच्या नावाने हाक मारत आली आहे, त्याचं काय धरायचं? शुभा म्हणते, खाल्लं ना, गप्प बस. दादाला सांगावं तर तो उद्याच पुण्यात डॉक्टरची वेळ घेईल आणि तिला परत बोलावेल. तिला थेट विचारलं आणि तिला सगळं आठवत असेल, तर पुन्हा कधी खाणार नाही. न विचारावं तर झोप लागत नाही.

झोप नाही म्हणून मी त्या कुर्ल्यांबद्दल वाचत बसलो. बेरिंग समुद्रातले सुमारे दहा अब्ज स्नो क्रॅब काही वर्षांत नाहीसे झाले, समुद्र तापला म्हणून. २०२२ साली अलास्काने तिथला हंगाम पहिल्यांदाच बंद ठेवला. म्हणजे आपल्या जुन्या वादात एक गुण मला. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवाल्यांनी मासे संपवले असं तू म्हणतोस ते खोटं नाही, पण सगळं पाप त्यांचंच नाही, हे आता तरी कबूल कर.

चिंगीचे बारावीचे मार्क कळव. होमस्टे मे महिन्यात भरलेला असेलच, वहिनींना हाताखाली माणूस मिळाला का? बोट पावसाआधी वर ओढून घे, मागच्या वर्षीसारखं करू नकोस.

काम एवढंच : आईला फोन कर. कुर्ल्यांचं नाव काढू नकोस. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी घालायची, किती, ठेचून की अख्खी, असं काहीतरी विचार आणि तिला बोलू दे. मध्ये तुझी अक्कल पाजळू नकोस. ती क्रम चुकते का, आप्पांचा विषय कसा काढते, ते ऐक. तू तिच्या हातचं माझ्यापेक्षा जास्त जेवला आहेस, तुला बरोबर कळेल. मग मला सांग, दादाला नाही.

तुझे रात्रीचे नऊ म्हणजे इथले सकाळचे साडेदहा, तेव्हा मी ऑफिसात असतो आणि ती एकटी असते. आणि कॉल व्हॉट्सअ‍ॅपवरून कर, मागच्यासारखा साधा लावून बिलावरून माझ्या नावाने खडे फोडू नकोस.

तुझा,
नंदू