भुतांनाही एखादी तारीख द्या

महोदय,

एका दिवंगत नाटककाराचा विस्मृतीत गेलेला भुताचा फार्स आमच्या हौशी मंडळींना करायचा आहे. असल्या नाटकात सगळी मजा टायमिंगची. भूत एकालाच दिसतं, दुसरा नेमका त्याच्याच मांडीवर बसतो. क्षणभर चुकलं की हशा गेला. वाचताना हे कळतच नाही, तालमीतच सापडतं.

अडचण परवानगीची आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क कायम असतात आणि वारसांचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नसतो. (भूत सापडणं सोपं!) पुण्यातल्या नाट्यसंस्थांनी मिळून जुन्या संहिता आणि हक्कधारकांची नोंदवही ठेवावी. मग ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, भरत नाट्य मंदिरात असा प्रयोग लावता येईल. बालगंधर्वचं नंतर बघू.

– एक नाट्यवेडा, सदाशिव पेठ, पुणे