लिनक्सला व्हायरस लागत नाही, पण लॉगिन तर होतं ना भाऊ!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून आपल्या नागपुरात जुन्या पीसी-लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून द्यायचं काम जोरात सुरू आहे. बर्डीच्या बाजारात विचारा नाहीतर गल्लीतल्या रिपेरिंगवाल्याला विचारा, तो सांगतो की विंडोज ११ या मशीनवर चढणार नाही, मिंट नाहीतर उबंटू (लिनक्सचेच प्रकार) टाकून देतो, फुकट आहे, हलकं आहे, आणि वरून एक वाक्य हमखास असतं, "याले व्हायरस लागत नाही काका, बिनधास्त वापरा." फुकट आणि हलकं याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, माझ्या घरात लिनक्सच आहे आणि ओळखीपाळखीत मी लावूनही देतो. हे पत्र त्या "बिनधास्त"बद्दल आहे.

व्हायरसचं वाक्य तसं पूर्ण खोटं नाही. पेनड्राइव्हमधून येणारे, मेलमधल्या एक्सई फाइलवर क्लिक केलं की पसरणारे जे प्रकार आपण विंडोजवर वर्षानुवर्षं पाहिले ते लिनक्सवर सहसा चालत नाहीत. पण बॉटनेटवाल्यांना, म्हणजे लोकांची हजारो मशीन ताब्यात घेऊन एकत्र राबवणाऱ्यांना, व्हायरस पाठवायची गरजच काय? ते सरळ युजरनेम-पासवर्ड टाकून आत येतात, तुम्ही येता तसेच, आणि पासवर्ड बरोबर निघाला तर बिचाऱ्या मशीनने अडवायचं तरी कोणत्या कारणाने.

हे लॉगिन होतं एसएसएचमधून. लांबून कॉम्प्युटर चालवायची ही सोय १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू यलोनेन यांनी बनवली, आणि तीही कशासाठी तर त्यांच्या हेलसिंकीच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले होते म्हणून. म्हणजे वस्तू सुरक्षेसाठीच बनली आणि आजही ती चांगलीच आहे, जगभरचे सर्व्हर तिच्यावरच चालतात. घोळ होतो तो तिच्यासमोर ठेवलेल्या पासवर्डचा.

लोक म्हणतात माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे काय, लग्नाचे फोटो आणि पोरीच्या नोट्स, मला कोण शोधत येतंय. अहो तुम्हाला कोणीच शोधत नाही! जगातले जुन्या पद्धतीचे सगळे मिळून साधारण ४३० कोटी आयपी पत्ते (इंटरनेटवरचे घर नंबर) आहेत, आणि २०१३ मध्येच मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी झेडमॅप नावाचं टूल काढून दाखवलं की चांगलं कनेक्शन असलं तर एकच पोर्ट (मशीनमध्ये यायचं एक दार) घेऊन हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून होतात. म्हणजे गल्लीतून जाणारा एकूणएक घराची कडी हलवून बघतो, कोणाचं घर आहे ते त्याला माहीतही नसतं. एसएसएचचं पोर्ट २२ इंटरनेटला उघडं ठेवून थोडा वेळ थांबा आणि मग व्हार-लॉगमधली ऑथ-लॉग ही लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडा, "फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड युजर" अशा ओळींची रांग दिसते, रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर), अॅडमिन, टेस्ट, उबंटू, ओरॅकल, पाय, एकामागून एक नावं मारून राहिले असतात.

यातलं "पाय" म्हणजे रास्पबेरी पाय. त्या छोट्या बोर्डाचा युजर "पाय" आणि पासवर्ड "रास्पबेरी" हे जगाला पाठ होतं, २०१७ मध्ये तर खास हेच वापरून आत शिरणारा आणि क्रिप्टोचं मायनिंग (दुसऱ्याच्या मशीनकडून गणितं करून घेऊन डिजिटल पैसा कमावणं) करणारा मालवेअर आला होता, आणि शेवटी एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने तो ठरलेला युजरच काढून टाकला. त्याआधीचं २०१६ चं मिराई नावाचं बॉटनेट तर अजून साधं होतं, त्याच्याजवळ साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या बस, कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आणि राउटरमध्ये कंपनीने टाकलेले, आणि तेवढ्यावर त्याने लाखो डिव्हाइस धरले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या बॉटनेटने डाइन नावाच्या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर मारा केला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन् तास अडकल्या होत्या. मूळ मिराई बनवणारे तीन पोरं होते, विशीच्या आसपासचे, २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी गुन्हा कबूल केला, पण त्याआधीच कोड इंटरनेटवर टाकून दिला होता त्यामुळे त्याची पिल्लं आजही फिरतात. आणि हे सगळे डिव्हाइस आतून लिनक्सच बरं का. लिनक्सला काही होत नाही म्हणणाऱ्याच्या घरी बहुतेक राउटर आणि डीव्हीआर असतोच.

आता मुद्द्याची गोष्ट. साधं उबंटू डेस्कटॉप टाकलं तर त्यात एसएसएच सर्व्हर येतच नाही, बाहेरून लॉगिन करायला काही ऐकतच नसतं, म्हणजे कंपनीकडून आलेलं मशीन बऱ्यापैकी बंद असतं. ते उघडतो कोण, तर आपण. इन्स्टॉल करणारा पोरगा पुढच्या वेळी यावं लागू नये म्हणून एसएसएच टाकून ठेवतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच युजर आणि तोच पासवर्ड, दुकानाचं नाव अॅट १२३ किंवा अॅडमिन-अॅडमिन, म्हणजे एकाचा कळला की सगळ्यांचा कळला. नाहीतर पोरगा शिकायला पुण्याला गेलेला असतो, त्याला घरच्या पीसीवर प्रोजेक्ट चालवायचा असतो, तो व्हिडिओ पाहून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारं थेट घरच्या पीसीकडे वळवणं) करतो, स्टॅटिक म्हणजे न बदलणारा आयपी घेऊन टाकतो आणि पासवर्ड काय तर वडिलांच्या गाडीचा नंबर, एमएच ३१ किंवा एमएच ४९ पासून सुरू होणारा. त्याच्या बिचाऱ्या आईबाबांना माहीतही नसतं की कपाटाखालचं ते मशीन दिवसरात्र जगाला दिसतंय.

इथे काही हुशार वाचक म्हणतील की आमच्या कनेक्शनला तर स्वतःचा आयपीच नाही, कंपनी एकाच आयपीमागे शेकडो घरं ठेवते, मग बाहेरून येणार कसं. बरोबर आहे, तेवढ्यापुरते तुम्ही वाचता. पण आपल्याकडे आता आयपीव्ही ६ ही पत्त्यांची नवी पद्धत बऱ्याच ठिकाणी आलीय आणि त्यात घरातल्या प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता मिळतो, राउटरने आडवं लावलं नसेल तर तो बाहेरून थेट पोचण्यासारखा असतो. ते पत्ते इतके अफाट आहेत की सरसकट तपासता येत नाहीत हे खरं, पण तेवढ्या भरवशावर अॅडमिन-अॅडमिन ठेवायचं का. शिवाय घरातलाच एखादा स्वस्तातला कॅमेरा आधीच कोणाच्या ताब्यात गेला असेल तर तो आतूनच शेजारच्या पीसीवर पासवर्ड मारतो, तेव्हा बाहेरची भिंत काही कामाची नाही.

आत आल्यावर काय करतात? फोटो-बिटो कोणी बघत नाही. स्क्रिप्ट उतरते, प्रोसेसर किती दमाचा आहे ते पाहते, आधीचा कोणी मायनर बसला असेल तर त्याला मारते (हो, यांच्यातही एकमेकांशी भांडणं आहेत, मिराई तर आत आल्यावर लॉगिनचे पोर्टच बंद करायचं की दुसऱ्याने येऊ नये), मग ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये स्वतःची की (पासवर्डशिवाय आत येऊ देणारी डिजिटल चावी) टाकते म्हणजे तुम्ही पासवर्ड बदलला तरी त्यांचा रस्ता चालू, क्रॉनटॅबमध्ये (आपोआप चालवायच्या कामांची यादी) एक ओळ टाकते म्हणजे रीस्टार्ट केलं तरी परत सुरू, आणि मग मोनेरो या क्रिप्टोचं मायनिंग नाहीतर दुसऱ्यांच्या मशीनवर पासवर्ड मारणं सुरू. आपल्याकडे याची अजून एक गंमत आहे, नवतपात पंखा कोकलायला लागला तर नागपूरकर म्हणतो की ४५ डिग्रीत मशीन तरी काय करणार, कूलर तिकडे वळवा! उन्हाळा आणि मायनर यांचा आवाज सारखाच येतो, म्हणून सकाळी गार असताना काहीही चालू नसताना पंखा जोरात फिरतो का ते बघा. काय काय चालू आहे ते दाखवणारी टॉप कमांड मारली तर वर केस्वॅपडी-झीरो असं नाव दिसू शकतं, ते कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) खरंखुरं कामही आहे आणि काही मायनर मुद्दाम तेच नाव घेऊन बसतात. खरं असेल तर युजरच्या रकान्यात रूट दिसतो, तुमचं नाव दिसलं तर समजून जा.

मग करायचं काय. सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्हाला बाहेरून लॉगिन लागतं का. नव्वद टक्के घरांना लागत नाही (हा माझा अंदाज, सर्व्हे नाही), त्यांनी ओपनएसएसएच सर्व्हर हे पॅकेजच काढून टाकावं, राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (डिव्हाइसने स्वतःच राउटरमध्ये दार उघडायची सोय) बंद करावं, यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू करावी जी उबंटूमध्ये असते पण बंद असते, मिंटवाल्यांना तर मेनूतच बटण आहे. ज्यांना लागतं त्यांनी पासवर्डचं लॉगिन बंद करून की वापरावी, एसएसएच-कीजेनने ईडी २५५१९ प्रकारची की बनते, ती एसएसएच-कॉपी-आयडीने घरच्या मशीनवर टाकायची, मग सेटिंगमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशनला नो, रूट लॉगिनला नो. एक जपा, हे बदलताना चालू असलेली खिडकी बंद करू नका, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतं हे बघून मगच बंद करा, नाहीतर पुण्याहून गाडी पकडून यावं लागेल. आणि सेटिंग लिहिलं म्हणजे लागू झालं असं समजू नका. उबंटू सर्व्हर टाकला असेल तर एसएसएचडी-कॉन्फिग-डी फोल्डरमध्ये इन्स्टॉलरने टाकलेली एक छोटी फाइल असते आणि तिच्यात पासवर्डला येस लिहिलेलं असू शकतं, एसएसएच आधी वाचलेलं मानतं आणि ती फाइल आधी वाचली जाते, म्हणजे तुमचा नो खाली बसून राहतो. खात्री करायची तर ज्याच्यावर की नाही अशा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून पाहा, पासवर्ड विचारला तर काम झालेलं नाही.

फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड मारणारा आयपी अडवणारं टूल) लावा म्हणून बरेच जण सांगतात. लावा, वाईट नाही, पण बॉटनेटजवळ हजारो आयपी असतात, प्रत्येकातून एक-दोनदाच प्रयत्न आला तर ते कोणाला बॅन करणार. पोर्ट २२ बदलून २२२२ करणं तर मला निव्वळ मनाचं समाधान वाटतं, लॉगमधली गर्दी कमी होते एवढंच. त्यापेक्षा वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा खासगी बंद रस्ता) घ्या, मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, एसएसएच त्याच्या आत ठेवलं की बाहेरच्याला पोर्ट दिसतच नाही.

अपडेटबद्दल दुकानदारांना हात जोडून सांगणं आहे. पेनड्राइव्हमध्ये उबंटू २०.०४ ठेवून तेच सगळ्यांना टाकून राहिले काही जण, त्याचा नेहमीचा फुकटचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला. म्हणजे विंडोज १० जुनं झालं म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला त्याहून आधी सपोर्ट संपलेलं देऊन राहिले! २०२४ च्या जुलैमध्ये ओपनएसएसएचमध्येच मोठं भोक सापडलं होतं, रेग्रेसएसएच म्हणतात त्याला, ज्यांचे अपडेट आपोआप येत होते त्यांचं ते बुजलं.

आणि मशीन हातातून गेलंच असेल तर साफ करत बसू नका. आरकेहंटर वगैरे मालवेअर शोधणारे टूल आहेत, पण त्यांना काही सापडलं नाही म्हणजे काही नाही असं होत नाही. नेट काढा, कागदपत्रं आणि फोटो बाहेर घ्या, नव्याने इन्स्टॉल करा, त्या मशीनवर वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ डिव्हाइसवरून बदला, जुन्या कीज फेकून द्या. नुकसान झालं असेल, पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तुमच्या कनेक्शनवरून दुसऱ्यावर हल्ला झाला तर पहिल्यांदा पत्ता तुमचाच निघतो, चौकशीत तुम्ही निर्दोष ठराल, पण तोवर नेट बंद, डोक्याला ताप.

सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून आहे, सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते, बॉट लागलेल्या आयपीची माहिती ते नेट कंपन्यांना देतं आणि कंपनीने गिऱ्हाइकाला कळवायचं अशी पद्धत आहे. काम चांगलं आहे, पण तिथली मोफत टूल बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठी. लिनक्सवाल्या घरासाठी दोन पानांची सोपी मराठी माहिती तिथे आली, आणि नेट कंपनीचा मेसेज "युवर आयपी इज इन्फेक्टेड" एवढ्यावर न थांबता कुठे फोन करायचा ते मराठीत सांगायला लागला, तर आमच्या मानेवाड्यातले रिटायर्ड काकाही तो डिलीट करणार नाहीत.

दुकानदारांनी मात्र सरकारची वाट पाहायची गरज नाही. मशीन देताना गिऱ्हाइकासमोर त्याच्याच हाताने पासवर्ड टाकून घ्या, सपोर्टसाठी एसएसएच ठेवलं असेल तर तोंडाने सांगा आणि बिलावर लिहा, कोणती आवृत्ती टाकली आणि तिचा सपोर्ट कधी संपतो तेही त्याच बिलावर येऊ द्या. गिऱ्हाइकांनी हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपला,
एक लिनक्सवाला वाचक,
मानेवाडा, नागपूर