मॉर्फिन घड्याळ पाहून द्या

महोदय,
कॅन्सरच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकापुढे नुसते ‘दुखल्यास’ लिहिले जाते, तिथेच घोळ होतो. साध्या गोळीचा असर सुमारे ४ तास टिकतो. दुखणे परतण्याआधीच पुढची गोळी पोटात जायला हवी. मधेच कळ उठली तर जादा मात्रा किती, तेही डॉक्टरांनी लिहून द्यावे. साधारण दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग. पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवेच. नाहीतर पोट गच्च होते, रुग्ण कुंथत बसतो आणि घरचे वैतागून मॉर्फिनच बंद करतात. २०१४ च्या दुरुस्तीने एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली मॉर्फिनसाठीच्या परवान्यांची कटकट कमी झाली. आता प्रत्येक जिल्हा रुग्णालयात गोळीचा साठा आणि केसपेपरवर रोज ० ते १० अशी वेदनेची नोंद असलीच पाहिजे.

— पॅलिएटिव्ह केअरमधील परिचारिका, सातारा